दोन आळ्यांचा एकच अर्ज

पौर्णिमा सरवदे चिडली की समोरच्याला ‘आपण’ म्हणायला लागते. एरवी ती शेतकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलते. ‘काय नाना, बैल खातोय का न्हाई’, ‘मामी, गाय लई वाळली की वो’. पण डोकं फिरलं की तिची भाषा एकदम सरकारी होते. “आपण जनावर धरणार आहात, की मी पुढच्या गावाला जाऊ?” असं तिनं विचारलं की लिंबखडीतला माणूस मुकाट्यानं वेसण हातात घेतो. गेल्या श्रावण-भाद्रपदात मात्र तिनं अख्ख्या गावाला कितीतरी वेळा ‘आपण’ म्हटलं आणि त्याचा कुणावर काडीचाही परिणाम झाला नाही.

ती जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक आहे. कागदोपत्री ती डॉक्टर नव्हे. पण लिंबखडीच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर तीच, कारकून तीच. हाताखाली आसाराम नावाचा एक परिचर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. पाच गावं, साडेचार हजार जनावरं, आणि लस ठेवायला बर्फाची एक पेटी. तिचं झाकण नीट बसत नाही म्हणून तिला सुतळी बांधलेली. नवी पेटी मागून तीन वर्षं झाली.

ती मूळची घाटनांदूरची. वडील माणिकराव रेल्वेत गँगमन होते. आई भिमाबाई स्टेशनामागच्या माळावर शेळ्या राखायची. पौर्णिमा सहावीत असताना एका आठवड्यात त्यांच्या सात शेळ्या मेल्या. तालुक्याहून डॉक्टर आला तो पाचव्या दिवशी, आणि जीपमधून न उतरताच ‘लस टोचून घ्यायची होती’ म्हणाला. भिमाबाईनं विचारलं, “कवा? सांगितलं कुणी?” तोवर जीप वळलेली होती. बारावीनंतर घरच्यांना वाटत होतं पोरीनं डी.एड. करावं, शिक्षिका व्हावं. तिनं जनावरांची पदविका केली. नोकरी लागली तेव्हा पहिलं वर्षभर लोक बैल घेऊन यायचे, तिच्या मागं बघायचे आणि विचारायचे, “साहेब कुठायत?” काही घरांत तिला गोठ्यापर्यंत येऊ द्यायचे, ओसरीपर्यंत नाही. ‘माझं काम गोठ्यातच, मग तक्रार कशाची करू’ असं ती हसून सांगते. पण सांगते.

या सगळ्याला आता एकोणीस वर्षं झाली. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणतात, अडलेली गाय सोडवायला पहाटेही बोलावतात. लिंबखडी आपल्याला कळली आहे असं तिला वाटत होतं. मग आरक्षणाचा वाद पेटला, निवडणूक झाली, आणि तिला कळलेलं गाव दोन तुकडे होऊन पडलं.

वरच्या आळीत एक मोठी जात, खालच्या आळीत दुसरी. कोणत्या ते लिहीत नाही; बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला त्यानं काही फरक पडत नाही. दोन्हीकडं शेतं तशीच, कापूस-सोयाबीन तेच, ऊसतोडीला जाणारी माणसंही दोन्हीकडची. पण निकालानंतर खालच्यांनी वरच्यांच्या दुकानात जायचं सोडलं, वरच्यांनी खालच्यांकडं दाढी करायची सोडली. चहाची हॉटेलं दोन झाली, दूध संकलनाची केंद्रं दोन झाली, अखंड हरिनाम सप्तेसुद्धा दोन झाले आणि दोन्हींचे भोंगे एकमेकांकडं तोंड करून लागले. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीला या भांडणात कुणी विचारलं नाही, मात्र ‘तुमी कुणीकडून’ हे दोघंही विचारून गेले.

पौर्णिमाच्या कामात हे आडवं यायला लागलं ते जनावरांत लंपीची साथ आल्यावर.

पहिलं आजारी जनावर खालच्या आळीत सापडलं, सत्यभामाबाईंच्या गोठ्यात. सत्यभामाबाई पन्नाशीच्या, विधवा, चार गायींवर घर उभं केलेल्या. खालच्या आळीचं दूध केंद्र त्याच चालवतात आणि आळीत त्यांचा शब्द मोडत नाहीत. त्यांच्या कालवडीच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या, पाय सुजले होते. पौर्णिमानं बघताच रोग ओळखला. तिनं कालवड वेगळी बांधायला लावली, गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर करायला सांगितला आणि तालुक्याला फोन केला. रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. आजारी जनावराला लस देऊन उपयोग नसतो. भोवतालच्या पाच किलोमीटरमधली सगळी निरोगी जनावरं झपाट्यानं टोचावी लागतात. त्यातली एक वस्ती सुटली की झालं, रोगाला तिथून वाट मिळते.

लस दुसऱ्या दिवशी आली. एका बाटलीत शंभर जनावरांची लस. बाटली एकदा फोडून पाण्यात कालवली की दोन-तीन तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. जनावर उभं करायचा लोखंडी खोडा दवाखान्यासमोर, आणि दवाखाना वरच्या आळीत.

खालच्या आळीतून एकही जनावर आलं नाही. वरच्या आळीतूनही कमीच आली. पौर्णिमा बाटली हातात घेऊन साडेनऊपर्यंत थांबली. मग आसारामनं त्याचा मोबाइल पुढं केला. कुणाचातरी आवाज होता, नाव नाही, गाव नाही: लिंबखडीत दोन प्रकारच्या बाटल्या आल्यात, एक चांगली, एक मुदत संपलेली, कुणाला कुठली जाणार हे हुशारांनी ओळखावं. संदेश दोन्ही आळ्यांत फिरला होता. खालच्यांना वाटत होतं मुदत संपलेली आपल्याला, कारण दवाखाना वर आहे. वरच्यांना वाटत होतं आपल्याला, कारण आसाराम खालच्या आळीचा आहे.

“दोघांनाबी खराबच बाटली मिळणार असं वाटतंय, तर चांगली कुणाला देणार हाय मी?” पौर्णिमानं विचारलं.

“मला कावून इचारता मॅडम,” आसाराम म्हणाला. “मी काय बोललो तर मलाच धरत्याल.”

तिनं पेटी स्कुटीला बांधली आणि दारोदार फिरली. प्रत्येक दारात बाटलीवरची तारीख दाखवली. प्रत्येक दारात तोच प्रश्न, तेच उत्तर. पहिल्या दिवशी शंभरातली सदतीस जनावरं टोचून झाली, उरलेली लस तिनं नियमाप्रमाणं फेकली. दुसऱ्या दिवशी बावन्न. तिसऱ्या दिवशी ती निघणार तेवढ्यात पंचायत समितीतून फोन आला, सर्व विभागांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाला हजर राहणं सक्तीचं आहे.

“माझ्याकडं लंपी आहे,” ती म्हणाली.

“सगळ्यांकडं काही ना काही आहे मॅडम,” पलीकडून उत्तर आलं. “सही मात्र पाहिजे.”

प्रशिक्षणाचा विषय फलकावर मोठ्या अक्षरात लिहिला होता: ‘राष्ट्रीय विचारधारा आणि असैनिकी धोक्यांपासून सुरक्षा’. बाहेरून आलेले एक निवृत्त अधिकारी बोलत होते. ग्रामसेवक, तलाठी, आशाताई, शिक्षक, सगळे खुर्च्यांवर सैलावून बसले होते. पौर्णिमा शेवटच्या रांगेत होती, मांडीवर लसीकरणाची यादी.

गृहस्थ मुद्देसूद बोलत होते, हे तिला नाइलाजानं मान्य करावं लागलं. ते म्हणाले, देशाला धोका फक्त सीमेवरून येत नाही. साथ येते, अफवा येते, दुष्काळ येतो, पाण्यावरून भांडणं येतात. त्यावर रणगाडा चालत नाही. तिथं देश टिकतो तो लोकांनी एकत्र मानलेल्या विचारावर. आपला तो विचार संविधानाच्या पहिल्याच पानावर आहे, न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. यातली बंधुता हीच खरी संरक्षक भिंत.

शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यामुळंच ती जास्त वैतागली. तिच्या घरात ते पान भिंतीवर लावलेलं आहे. लहानपणी माणिकरावांनी तिच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. हे आपल्याला कशाला सांगताहेत? आणि ज्यांना सांगायचं ते आत्ता दोन हॉटेलांत बसून चहा पिताहेत.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा तिनं हात वर केला.

“सर, आपलं म्हणणं मला पटलं. माझ्या गावात साथ आहे आणि अफवाही आहे. दोन आळ्या एका खोड्याला जनावर आणत नाहीत. बंधुता तिथं कुणी आणायची?”

“उत्तम प्रश्न,” ते म्हणाले. “आपण. आपल्यासारख्या कर्मचाऱ्यांनीच.”

“किती दिवसांत?”

सभागृहात थोडं हसू फुटलं. वक्ते गंभीरच राहिले. “ताई, ही दीर्घकालीन प्रक्रिया आहे.”

“माझी बाटली तीन तासांत खराब होते, सर.”

सूत्रसंचालकानं वेळेची आठवण करून दिली आणि चहा आल्याचं जाहीर केलं. पौर्णिमानं सही केली, चहा न घेता निघाली. लिंबखडीला पोचेपर्यंत दुपार टळली होती आणि त्या दिवशी एकही जनावर टोचून झालं नाही.

घरी माणिकराव ओट्यावर बसले होते. वय चौऱ्याहत्तर, कान थोडे जड, बाकी धडधाकट. भिमाबाई गेल्यापासून ते लेकीकडंच राहतात. तिनं त्यांना सगळं सांगितलं. जरा मोठ्यानं सांगावं लागत असल्यानं तिचा वैताग शेजाऱ्यांनाही कळला.

“आबा, रुळाचं काम तुमी बारा जणं मिळून करायचे ना? त्यात सगळ्या जातीचे असतील. मंग तिथं कसं जमायचं?”

“जमायचं की. रूळ उचलायचा म्हणजी बाराजणांनी एकदम जोर लावायचा. एकानं हात सोडला तर अकराजणांचे पाय चेंगरायचे.”

“तेच म्हणते मी. काम एक असलं की माणसं एक होत्यात.”

“रूळ सगळ्यांचा होता,” माणिकराव म्हणाले. “पाण्याचा डबा न्हवता. माझा डबा अकरा वर्षं येगळा होता. रूळ उचलायचो, खाली ठिवायचो आन मी लिंबाखाली जाऊन माझं पाणी प्यायचो. कामानं माणसं एक होत न्हाईत, माय. काम होतंय, येवढंच.”

तिला दिलासा हवा होता, तो मिळाला नाही. ती भाकरी टाकायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात लिंबखडीत आजारी जनावरं चौदा झाली. आणि पोळा चार दिवसांवर आला.

लिंबखडीचा पोळा म्हणजे गावातले सगळे बैल सजवून वेशीत उभे करायचे, मानाचा बैल पुढं, आणि मग मारुतीला फेरा. दोनशे-अडीचशे बैल खांद्याला खांदा लावून. मान गहिनीनाथ नानांच्या घराचा. नाना वरच्या आळीचे, दोन वेळा सरपंच राहिलेले, शब्दाला आणि हिशेबाला पक्के, कागदावर सही केली की खाली तारीख आणि वेळ लिहिणारे. मागच्या वर्षी खालच्या आळीनं आपले बैल मानाच्या बैलाच्या आधी घुसवले होते आणि काठ्या निघाल्या होत्या. यंदा दोन्ही आळ्या तयारीत होत्या. जिल्ह्यातून आदेश आला होता की लंपीमुळं जनावरं एकत्र आणू नयेत, पोळा दारातच साजरा करावा. आदेश ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटवला होता. त्याच्यावर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचं पत्रक लागलं.

सकाळी आठला पौर्णिमा नानांच्या ओसरीसमोर उभी राहिली.

“नाना, एक माशी ह्या बैलावरून त्या बैलावर बसली तरी बास आहे. फेरा निघाला तर पंधरा दिवसांत गाव भरंल.”

“मला कळत न्हाई का ते?” नाना म्हणाले. “माझा खिल्लारी हाय, लेकरावानी वाढवलाय. मी थांबतो. पर मी थांबलो आन त्येंनी फेरा काढला तर? मान गेला तो गेलाच. आदी त्येंनी लेखी द्यावं.”

ती खालच्या आळीत गेली. सत्यभामाबाईंची कालवड आदल्या दिवशी मेली होती. त्या शेण भरत होत्या, मागं वळल्या नाहीत.

“मामी, तुमची कालवड गेली. आणखी किती जाऊ द्यायच्या?”

“माझं काय इचारती. मी तर म्हणते पोळाच नको औंदा. पर आळीतली पोरं ऐकत न्हाईत. वरच्यांनी फेरा काढायचा आन आमी दारात बैल ओवाळीत बसायचं? आदी नानांची सही आण. मंग मी बघते कोण बैल सोडतंय ते.”

ती परत वर गेली. नाना म्हणाले, आधी त्यांनी. परत खाली. बाई म्हणाल्या, आधी त्यांनी. दोघांनाही रोग कळत होता, दोघांनाही थांबायचं होतं, आणि आधी थांबायला एकही तयार नव्हता. दरम्यान पेटीतला बर्फ वितळत होता आणि सुतळी सुटून झाकण स्कुटीवर खडखडत होतं.

तिसऱ्यांदा ती नानांच्या दारात आली तेव्हा अकरा वाजत आले होते. नानांनी तिच्याकडं बघून नुसती मान उडवली, ‘काय झालं?’ अशी.

“दिलं त्यांनी लेखी,” पौर्णिमा म्हणाली.

ते वाक्य आपण ठरवून बोललो की तोंडातून निघून गेलं, हे तिला आजही नक्की सांगता येत नाही. एकोणीस वर्षांत ती शेतकऱ्याशी खोटं बोलली नव्हती. मरणारं जनावर मरणार आहे हेसुद्धा तिनं तोंडावर सांगितलेलं आहे.

“कागद कुठाय?”

“दवाखान्यात.”

नानांनी क्षणभर तिच्या तोंडाकडं बघितलं. मग चष्मा लावला आणि तिनं पुढं केलेल्या कागदावर सही केली. खाली लिहिलं: सकाळी ११ वा.

तो कागद घेऊन ती खाली गेली आणि या वेळी खरं बोलली. “नानांची सही आणली आहे, आपण वाचून घ्या.” सत्यभामाबाईंनी पुतण्याकडून वाचून घेतला. आळीतली चार माणसं गोळा झाली, थोडी बाचाबाची झाली, शेवटी बाईंनी दुसऱ्या कागदावर सही केली आणि पुतण्यानं नानांचं बघून खाली वेळ टाकली: दुपारी १.३०.

तिचं खोटं अडीच तास टिकलं. त्यानंतर ते खरंच झालं होतं. दोन्ही कागद तिनं दवाखान्याच्या फलकावर शेजारी शेजारी लावले, म्हणजे पुन्हा कुणी शंका काढू नये.

पोळ्याला लिंबखडीची वेस मोकळी राहिली. लोकांनी दारातच बैल धुतले, झुली घातल्या, पुरणपोळी खाऊ घातली. दोन्ही आळ्यांची पोरं वेशीजवळ बसून एकमेकांवर नजर ठेवून होती, पण बैल कुणी आणला नाही. पौर्णिमा दिवसभर गावात फिरली आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवता जेवता झोपली.

पाच दिवसांनी फलकावरचे कागद कुणीतरी नीट वाचले.

खालच्या आळीच्या हॉटेलात हसू पसरलं: नाना आधी वाकले, अकरालाच. ते हसू वरच्या आळीत पोचायला अर्धा तास लागला. नाना स्वतः दवाखान्यात आले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वेळा वाचल्या, पौर्णिमाकडं बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते खालच्या आळीत गेले. निकालानंतरच्या पंधरा महिन्यांत पहिल्यांदा. सत्यभामाबाईंकडंही तोवर वातावरण फिरलं होतं. टोचलेल्यांपैकी तीन जनावरांना गाठी आल्या होत्या. लस टोचायच्या आधीच ती आजारात आली असावीत, असं पौर्णिमानं समजावलं होतं. पण आता लोक म्हणायला लागले, बाई वर खोटं बोलली, तर खाली खरं बोलली कशावरून?

अर्ज पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या नावानं गेला. ‘आम्ही समस्त ग्रामस्थ’ अशी सुरुवात. सदर कर्मचाऱ्यानं खोटी माहिती देऊन गावाची फसवणूक केली, गावातील सलोखा बिघडवला, आणि केवळ विशिष्ट वस्तीचे हित पाहिले, तरी त्यांची बदली व्हावी. खाली दोन्ही आळ्यांच्या मिळून एकशे बारा सह्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एकही नाही. तिकडं कुणी अर्ज नेलाच नव्हता.

पौर्णिमाला त्याची प्रत मिळाली तेव्हा तिनं आधी सह्याच बघितल्या. नानांची, तिच्याखाली सत्यभामाबाईंचा गिरगटलेला ‘स’. मग तिनं ‘सलोखा’ हा शब्द पुन्हा एकदा वाचला. ‘विशिष्ट वस्ती’ म्हणजे ओढ्यापलीकडची, तिच्याच समाजाची; त्या शब्दांवर ती थांबली नाही, असं ती म्हणते. माणिकराव मात्र तिथंच थांबले.

“ह्ये काय लिवलंय?”

“काही न्हाई आबा.”

“काही न्हाई कसं? खोटं तू बोललीस. वस्तीचं नाव कावून?”

त्या दिवशी तिला पहिल्यांदा नोकरी सोडावीशी वाटली.

चौकशीला शिवशंकर सर आले, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी. भले गृहस्थ, पण तीन तालुक्यांचा भार अंगावर असल्यानं कायम थकलेले. ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक भरली. जागा थोडी, माणसं जास्त. त्यामुळं वरची आळी आणि खालची आळी एकाच सतरंजीवर दाटीवाटीनं बसली.

“सरवदे मॅडम, तुम्ही खोटं बोललात का?” सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजावरून त्यांना ‘नाही’ हे उत्तर हवं होतं, म्हणजे लवकर आटपलं असतं.

“बोलले. नानांशी. खालच्यांनी सही केली असं सांगितलं, तेव्हा केलेली नव्हती. चूक माझी आहे. माझ्या चुकीशी त्या वस्तीचा काही संबंध नाही, तेवढं वाक्य अर्जातून काढावं.”

काही माणसं खाली बघायला लागली.

“आणि आपण सगळे इथं एकत्र बसलाच आहात,” ती म्हणाली, “तर मला एक विचारायचं आहे. मी खरं बोलले असते, की अजून कुणीच सही केलेली नाही, आपण आधी करा, तर आपण केली असती का?”

शिवशंकर सर तिला थांबवणार होते. पण नाना घसा खाकरून बोलले.

“न्हाई. नसती केली.” ते तिच्याकडं न बघता बोलत होते. “खोटं कावून बोलू? नसती केली.”

“आमी बी न्हाई,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पर बाई, तू आमाला भरवसा ठिवू दिला न्हाईस. आता तू बाटली दाखवशील, तारीख दाखवशील, आमी कसं मानायचं?”

हे बरोबर होतं, आणि पौर्णिमाला ते लागलं. अफवेशी लढायला तिच्याकडं एकच गोष्ट होती, ती खरं बोलते ही. तीच तिनं खर्च केली होती.

“मग मानू नका,” ती म्हणाली. “उद्यापासून बाटली मी फोडणार नाही. एक माणूस वरचा, एक खालचा, दोघांनी समोर बसून तारीख वाचायची, दोघांनी मिळून फोडायची. मी फक्त टोचीन. त्याच बाटलीतून दोन्ही आळ्या, आणि ओढ्यापलीकडची वस्तीसुद्धा. तिथल्या सतरा गायी आपण कुणी मोजल्याच नाहीत. त्या सुटल्या तर आपल्या टोचून काही उपयोग नाही.”

त्यावर अर्धा तास वाद झाला. खोडा कुठं ठेवायचा यावर आणखी अर्धा तास. वर नको, खाली नको. शेवटी शिवशंकर सरांनीच कंटाळून सांगितलं की ओढ्याच्या पुलाजवळ मोकळी जागा आहे, तिथं न्या. ती जागा बौद्ध वस्तीच्या तोंडाशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. बाकीच्यांच्या आलं, पण सर गाडीत बसून गेले होते.

वाक्य अर्जातून निघालं नाही. अर्ज आधीच आवक झालेला होता आणि आवक झालेल्या कागदात खाडाखोड करता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं.

पुढच्या आठ दिवसांत पुलाजवळ चारशे ऐंशी जनावरं टोचून झाली. बाटलीजवळ वरून कधी नानांचा भाऊ बसायचा, खालून सत्यभामाबाईंचा पुतण्या. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. तारीख मोठ्यानं वाचायचे, आधी एक, मग दुसरा. एकदा दोघांनी वेगवेगळी तारीख वाचली आणि काम पाऊण तास थांबलं. एकानं बनवल्याची वाचली होती, दुसऱ्यानं संपायची. पौर्णिमानं दोघांना ‘आपण’ म्हणून दोन्ही तारखा समजावल्या. सतरंजीवरची माणसं आपापल्या हॉटेलात परतली होती आणि हॉटेलं दोनच राहिली.

लिंबखडीत एकूण एकतीस जनावरं आजारी पडली, नऊ मेली. फेरा निघाला असता तर किती मेली असती, हे कुणाला सांगता येत नाही. मेलेल्या गायीचा पंचनामा होतो. न मेलेल्या गायीचा होत नाही. त्यामुळं गावात अजूनही असं म्हणणारे आहेत की बाईनं उगाच पोळा बुडवला.

दिवाळीआधी पौर्णिमाला लेखी ताकीद मिळाली. ‘यापुढे ग्रामस्थांना वस्तुस्थितीस धरूनच माहिती द्यावी.’ तिच्या सेवापुस्तकातली पहिली लाल नोंद. तिला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही, आणि दोन्हींतला फरक समजावून सांगताना ती अजूनही वैतागते. बदली झाली नाही. लिंबखडीला यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

तिनं ताकिदीच्या प्रतीवर सही केली आणि त्याच टपालानं बर्फाच्या नव्या पेटीसाठी चौथा अर्ज धाडला.

संध्याकाळी माणिकरावांनी विचारलं, “मंग? सुधरलं का गाव?”

“न्हाई.”

“मंग काय झालं?”

“जनावरं टोचली, आबा,” ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.